शून्य नंबरची बँक

डोंबिवलीत वस्तू विकत घेत नाहीत, ओळखीनं आणतात. सरळ दुकानात शिरायचं, वस्तू मागायची, पैसे टाकायचे आणि घरी यायचं, असं फक्त ज्याचं या जगात कुणी नाही तोच करतो. बाकी प्रत्येकाचा एक 'ओळखीचा' असतो. चष्म्याचा ओळखीचा, पंख्याचा ओळखीचा, फरसाणाचा ओळखीचा. हा ओळखीचा स्वस्त देतो असं नाही. चांगलं देतो असंही नाही. पण फसवलंच तर घरच्यासारखं फसवतो, आणि त्यात एक वेगळंच समाधान असतं म्हणतात.

नीलाला हे अजिबात मान्य नव्हतं. पण नीलाला त्या दिवसांत बऱ्याच गोष्टी मान्य नव्हत्या. नववी संपली होती, दहावी सुरू व्हायची होती, आणि मधल्या मे महिन्याच्या सुट्टीत तिनं स्टेशनजवळच्या क्लासमध्ये कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. शेवटच्या दिवशी सरांनी एक कॉम्प्युटर सगळ्यांसमोर उघडून त्याचे भाग टेबलावर मांडले आणि विचारलं, "कोण जोडणार?" नीला उठली. मदरबोर्ड बसवला, रॅमच्या पट्ट्या खटाखट खोचल्या, वायरी जोडल्या, बटण दाबलं, आणि कॉम्प्युटर सुरू झाला. मागच्या बाकावरच्या कॉलेजच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून ही मुलगी जिना उतरताना कठड्याला हात लावत नाही, असं आईचं, म्हणजे सरोजचं, निरीक्षण होतं.

"बाबा, तयार कॉम्प्युटर घ्यायचा नाही," नीलानं जेवताना जाहीर केलं. "सुटे भाग आणायचे. मी जोडणार. सगळे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला एकाच दुकानात मिळतात."

सुधीरराव बँकेत हेड कॅशियर होते. बँकेच्या तिजोरीची किल्ली त्यांच्याकडे असे, त्यामुळे ते आजारीसुद्धा आधी कळवून पडत. पंच्याऐंशी साली बँकेत कॉम्प्युटर येऊ नये म्हणून त्यांनी छातीवर काळी फीत लावली होती. सत्त्याण्णव साली घरात कॉम्प्युटर यावा याला त्यांची हरकत नव्हती, कारण फीत बँकेपुरती होती. त्यांनी आमटीचा भुरका घेतला आणि एकच प्रश्न विचारला.

"लॅमिंग्टन रोडला आपल्या ओळखीचं कोण आहे?"

"कुणी नाही."

"मग झालं तर," असं म्हणून त्यांनी भात मागितला.

पुढचे आठ दिवस नीला घरात एका जागी बसली नाही. गॅलरीतून हॉलमध्ये, हॉलमधून स्वयंपाकघरात. हॉलच्या कोपऱ्यातलं टेबल तिनं पुसून रिकामं करून ठेवलं होतं, आणि येता-जाता त्या रिकाम्या टेबलाकडे असं बघायची की घरात श्राद्ध आहे असं वाटावं.

बातमी सोसायटीत पसरायला वेळ लागला नाही. सगळ्यात आधी आले प्रभाकरकाका. ते सोसायटीचे सेक्रेटरी. चप्पल दारात काढताना ते माणूस असत आणि हॉलमध्ये येईपर्यंत उपविधी होत.

"सुधीरराव, कॉम्प्युटर घेताय असं कळलं. निवासी गाळ्यात यंत्र बसवायचं म्हणजे व्यवसाय आला. व्यवसाय आला की मंडळाचा ठराव आला. उद्या तळमजल्यावरचे म्हणतील, आम्ही पिठाची गिरणी घालतो."

"काका, कॉम्प्युटरनं पीठ पडत नाही," नीला म्हणाली.

"आज पडत नाही," प्रभाकरकाका म्हणाले.

बाबांचा चेहरा पडला. पण आई चहा घेऊन आली, आणि ट्रे ठेवता ठेवता सहज म्हणाली, "भाऊजी, अजून कशात काही नाही. भाग कुठून आणायचे तेच ठरत नाहीये. यांच्या ओळखीचं कुणी नाही ना."

काकांचा कप अर्ध्यावर थांबला. "ओळखीचं कुणी नाही? अहो, मग आम्ही कशाला आहोत? ठाण्याला टेंभी नाक्यावर माझा खास माणूस आहे. पूर्वी ट्रान्झिस्टर दुरुस्त करायचा, आता कॉम्प्युटरचा माल ठेवतो. मदरबोर्ड त्याच्याकडून. माझं नाव सांगा." ठरावाचा विषय त्यांनी चहाबरोबर गिळला तो कायमचा.

ते गेले आणि समोरच्या दारातून विश्रामकाका आले. हे रेल्वेतून निवृत्त झालेले, आणि प्रभाकरकाकांशी त्यांचं पाण्याच्या टाकीवरून वैर. "प्रभाकरनं ठाणं सांगितलं ना? मला ऐकू आलं. ऐकत नव्हतो, ऐकू आलं. सुधीर, बोर्ड त्याच्याकडून घ्यायचा तर घे, पण रॅम मात्र कल्याणला माझ्या ओळखीच्याकडूनच घ्यायची. नाहीतर मला वाईट वाटेल."

या शेवटच्या वाक्यावर मध्यमवर्ग चालतो. भाव काय, वस्तू कशी, हे दुय्यम. कुणाला वाईट वाटेल हे पहिलं. त्यात शहाडहून आत्याचा फोन आला. तिचे दीर महिपतराव स्टीलची कपाटं बनवतात, तर कॉम्प्युटरचा डबा, म्हणजे कॅबिनेट, बाहेरून आणलं तर त्यांना काय वाटेल?

"बाबा, कॉम्प्युटर म्हणजे काय लग्नातला आहेर आहे का, प्रत्येकाकडून एक वस्तू घ्यायला?" नीलानं विचारलं.

"तुला माणसं कळत नाहीत अजून," बाबा म्हणाले.

"मला कॉम्प्युटर कळतो."

"तेच म्हणतोय मी."

तर वरात निघाली. टेंभी नाक्यावर प्रभाकरकाकांचा खास माणूस प्रभाकरकाकांना ओळखेना. त्यांचा मोठा भाऊ तेवढा आठवला, तोही उधारीवरून. पण बोर्ड त्यानं दिला. चपलांच्या खोक्यात घालून दिला, आठ नंबर. "इंपोर्टेड आहे," एवढंच म्हणाला. बोर्ड की खोका, ते कळलं नाही. प्रोसेसर त्याच्यावर आधीच बसवलेला होता, हे त्यातल्या त्यात बरं.

कल्याणला विश्रामकाकांचा ओळखीचा घड्याळं दुरुस्त करत होता. डोळ्याला भिंग लावलेलं तसंच ठेवून त्यानं नीलाकडे पाहिलं, तेव्हा आपण बंद पडलोय की काय असं तिला वाटलं. घड्याळाच्या पट्ट्यांच्या खणातून त्यानं कागदाची पुडी काढली. आत रॅमची एक पट्टी. "एकच राहिली होती. खास तुमच्यासाठी ठेवली." बाबा भारावले. शेवटचा राहिलेला माल आपल्याला मिळाला की मराठी माणसाला जिंकल्यासारखं का वाटतं, हे एकदा कुणीतरी शोधून काढायला हवं.

आणि शहाडला महिपतरावांनी कॅबिनेट बनवलं. नीलानं बोर्डाचा ठसा कागदावर काढून नेला होता, त्याप्रमाणे त्यांनी भोकं अगदी बरोबर पाडली. बाकी सगळं त्यांनी मनानं केलं. पत्रा कपाटाचा. रंग कपाटाचा, म्हणजे पिस्ता. एका बाजूला दार, दाराला मूठ, मुठीत कुलूप, कुलपाला दोन किल्ल्या. दाराच्या बाहेरून छोटा आरसा.

"आरसा कशाला, काका?" नीलानं विचारलं.

"कपाटाला आरसा लागतोच," महिपतराव म्हणाले. त्यांना वाईट वाटेल म्हणून पुढचं कुणी विचारलं नाही. दोन माणसांनी ते उचलून जिन्यानं वर आणलं, तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या आजींनी "मुलीचं ठरलं का?" असं विचारलं. दोन्ही किल्ल्या बाबांनी आपल्या जुडग्यात अडकवल्या. किल्ली म्हटली की ती बाबांचीच, हा त्या घरातला शिरस्ता होता.

मॉनिटर, हार्ड डिस्क आणि कीबोर्ड यांचीही अशीच चरित्रं आहेत, पण ती सांगत बसलं तर कॉम्प्युटर कधी सुरूच व्हायचा नाही.

शुक्रवारी संध्याकाळी नीलानं तो जोडला. हॉलमध्ये प्रभाकरकाका एका खुर्चीवर, विश्रामकाका शक्य तितक्या लांबच्या खुर्चीवर. आईनं टेबलाला हळदकुंकू लावलं. नीलानं क्लासमधल्यासारखंच सगळं बसवलं, प्रत्येक वेळी मान किंचित वळवून प्रेक्षक बघताहेत ना ते पाहिलं, आणि बटण दाबलं.

"टूंऽ," कॉम्प्युटर म्हणाला. मग थांबला. मग पुन्हा, "टूंऽ." मग पुन्हा. पडदा काळाच.

"बोलायला लागला," आई म्हणाली.

"टूंऽ."

नीलानं बंद केला, वायरी दाबल्या, पुन्हा सुरू केला. टूंऽ. रॅमची पट्टी काढून फुंकर मारून परत लावली. टूंऽ. या खोचीतून काढून त्या खोचीत घातली. टूंऽ. तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. क्लासमध्ये टाळ्या वाजल्या होत्या त्या याच हातांना, हे त्या हातांना आठवत होतं, आणि म्हणून ते जास्तच घाबरले होते.

"माल ओळखून घ्यावा लागतो," विश्रामकाका छताकडे बघत म्हणाले. "बोर्ड बोंब मारतोय. ठाण्याचा ना?"

"बोर्ड बरोबर आहे. त्याला खायला नीट मिळत नाहीये," प्रभाकरकाका म्हणाले. "घड्याळजीकडची रॅम म्हटल्यावर तो दर तासाला टोले देणारच."

"टाकीचं पाणी वर चढत नाही तेव्हा बरे गप्प असता."

"टाकीचा विषय सर्वसाधारण सभेत."

बाबांनी दोघांना हात जोडून, चहा पाजून बाहेर काढलं. मग ते आपल्या पद्धतीनं कामाला लागले. संशयित नोट तपासायचं भिंग त्यांनी कपाटातून काढलं, टेबल लॅम्प वाकवला आणि बोर्ड इंचाइंचानं वाचायला सुरुवात केली. नीला एका पायावरून दुसऱ्या पायावर होत शेजारी उभी राहिली.

एकाएकी बाबा ताठ झाले. त्यांनी भिंग पुसलं. पुन्हा वाकले. मग उठून आधी खिडकी लावली, मग पडदा ओढला, मग दाराची कडी घातली.

"सरोज," ते हळू आवाजात म्हणाले, "इकडे ये. आवाज करू नकोस."

"काय झालं?"

"हा बोर्ड बँकेचा आहे."

नीलानं वाकून पाहिलं. रॅमच्या चार खोची होत्या, आणि त्यांच्या कडेला बारीक पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत छापलेलं होतं: बँक झिरो. त्याच्या पलीकडे, बँक वन.

"कुठल्या बँकेचा?" आईनं विचारलं.

"तेच लिहिलेलं नाही. लिहितील कसं? पण क्रमांक आहे बघ. वन म्हणजे एक नंबरची शाखा. आणि झिरो म्हणजे..." बाबांनी दाराची कडी पुन्हा एकदा तपासली, "झिरो म्हणजे हेड ऑफिस."

"बाबा, ती ती बँक नाहीये."

"मग कुठली आहे?"

इथे नीलानं तोंड उघडलं, आणि आत काहीच सापडलं नाही. क्लासमध्ये सरांनी रॅम म्हणजे काय, कशासाठी, सगळं सांगितलं होतं, पण बँकेचं नाव काढलं नव्हतं. कोर्स संपवून सर गावी गेले होते. 'मला माहीत नाही' हे तीन शब्द महिनाभरात तिनं वापरले नव्हते, आणि आता ते गंजल्यासारखे बाहेर येईनात.

"नाही ना सांगता येत?" बाबा खोलीत येरझाऱ्या घालायला लागले. "चपलांच्या खोक्यात देतो, पावती देत नाही, इंपोर्टेड म्हणतो. कुठल्यातरी बँकेतून काढलेला माल आहे हा. आणि सापडला कुठे, तर हेड कॅशियरच्या घरात. माझी चौकशी लागेल. पंच्याऐंशीची ती काळी फीतसुद्धा काढतील. म्हणतील, बँकेत कॉम्प्युटर नको म्हणत होता तो यासाठी. स्वतः घरी नेत होता."

"मग प्रभाकर भाऊजींना विचारा," आई म्हणाली.

"काय विचारू? तुमचा माणूस चोर आहे का? त्यांना काय वाटेल?"

मग बाबांनी निकाल दिला. रविवारी सकाळी बोर्ड टेंभी नाक्याला परत. कॅबिनेट शहाडला परत, तिथे त्याचं खरंखुरं कपाट होईल. आणि या घरात कॉम्प्युटर हा विषय बंद. "दहावी झाल्यावर बघू," ते म्हणाले. दहावी झाल्यावर बघू म्हणजे काय, हे दहावीत असलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. त्यांनी बोर्ड काढून खोक्यात घालायला लावला, रिकाम्या कॅबिनेटवर जुनी चादर टाकली, आणि त्यानंतर त्याचा उल्लेख फक्त 'ती वस्तू' असा केला.

नीलाला वाईट वाटलं ते कॉम्प्युटर जाणार याचं नव्हे. म्हणजे त्याचंही होतंच. पण सोसायटीभर आता एकच गोष्ट सांगितली जाणार होती: नीलानं जोडला आणि तो चालला नाही. बोर्ड चोरीचा, हे बाबा कुणाला सांगू शकत नव्हते. म्हणजे दोष कुणाच्या नावावर राहणार, ते उघड होतं. आणि पुढे कधीही तिनं काही म्हटलं की बाबा फक्त त्या कोपऱ्याकडे बघणार.

शनिवारी बाबा अर्ध्या दिवसासाठी बँकेत गेले. नीला हॉलमध्ये चादरीभोवती घिरट्या घालत होती, तेवढ्यात मनुबाईची हाक आली. मनुबाई खाडीकडच्या गावातून टोपली घेऊन यायची, आणि गेली कित्येक वर्षं या दारात रोज एकच भांडण व्हायचं. आजही आईनं पापलेट उचललं, बोटानं कल्ला वर केला आणि आतला लाल रंग उजेडाला धरून बघितला.

"रोज घेतंस न् रोज कल्ला बघतंस," मनुबाई म्हणाली. "इस्वास नाय का गो बाय माझेवर?"

"तुझ्यावर आहे म्हणून तुझ्याकडून घेते," आई म्हणाली. "माशावर नाही, म्हणून कल्ला बघते. हे ठेव. ते खालचं दाखव."

"खालचा बी त्याचाच भाव हाय."

"असू दे. दाखव."

नीला दारात उभी राहिली ती तशीच. तिच्या डोक्यात एकदम लख्ख पडलं. बोर्ड घेताना, रॅम घेताना, कुणी म्हणजे कुणीही कल्ला उचलला नव्हता. 'लावून दाखवा' असं कुणी म्हटलं नव्हतं. कसं म्हणणार? ओळखीचे होते ना. आणि या घरात मेथीपासून गादीपर्यंत सगळं जी बाई घासाघीस करून आणते, तिला कॉम्प्युटरचे भाग कुठून घ्यायचे हे एकदाही कुणी विचारलं नव्हतं. नीलानंही.

"आई," ती म्हणाली, "माझ्याबरोबर लॅमिंग्टन रोडला येतेस?"

आईनं मासा पातेल्यात टाकला, हात धुतले. "कशाला?"

"कल्ले बघायला."

चपलांचा खोका घेऊन गेलं तर लोक चपला बदलायला आल्या म्हणतील, म्हणून आईनं बोर्ड, रॅमच्या पट्टीसकट, मऊ फडक्यात गुंडाळून बाजाराच्या नायलॉनच्या पिशवीत ठेवला. ही पिशवी गेली तीन वर्षं धुतल्यानंतरही ओल्या बोंबलांची आठवण काढत असे.

दुकान म्हणजे एक काउंटर, काउंटरसमोर पुरुषच पुरुष, आणि पलीकडे पेनानं कान खाजवणारा मालक. नीला पुढे झाली. "तो... मदरबोर्ड..." ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. महिन्याभरात कमावलेला सगळा आत्मविश्वास ग्रँट रोड स्टेशनवर उतरायचाच राहिला असावा.

आईनं तिला कोपरानं बाजूला केलं. "भाईसाब, बोर्ड दिखाओ."

मालकानं एक बोर्ड काढला. आईनं चष्मा चढवला, बोर्ड दोन बोटांनी कडेला धरला आणि उजेडाकडे नेला. "आहे गं. याच्यावर बँक आहे. भाईसाब, दूसरा दिखाओ. ये नहीं, उसके नीचेवाला."

"बहनजी, नीचेवाला भी सेम है."

"असू दे. दिखाओ."

खालचा आला. त्याच्यावर बँक होती. दुसऱ्या कंपनीचा आला, त्याच्यावरही बँक. काउंटरवर बोर्डांची चळत झाली. मागचे पुरुष पिशवीच्या वासानं थोडे पांगले, त्यामुळे जागाही झाली.

"लेना क्या है आपको?" मालकानं शेवटी विचारलं.

"अभी तो कल्ला देख रही हूँ," आई म्हणाली. नीलाला फरशी दुभंगावी असं वाटलं.

"किसने भेजा है?"

"किसीने नहीं. अपने पैर से आए."

आश्चर्य म्हणजे एवढं ऐकून मालक उलट नीट बोलायला लागला. ओळखीनं येणाऱ्यांना तोही कंटाळला असावा. आता नीलाचाही आवाज परत आला. तिनं पिशवीतून आपला बोर्ड काढला आणि बँक, टूंऽटूंऽ, सगळं सांगितलं. तिनं ते तीन गंजलेले शब्दसुद्धा उच्चारले, हिंदीत, त्यामुळे कमी लागले. मालकानं बोर्ड उलटासुलटा पाहिला.

"बोर्ड एकदम नया है. अच्छा है. इसकी जोडी किधर है?"

"कसली जोडी?"

"रॅम की. ये दो खाँचे मिला के एक बँक. एक बँक में दो पट्टी लगती है, सेम टू सेम. अकेली नहीं चलेगी, चिल्लाएगी."

नीलानं कपाळाला हात लावला. रॅमच्या पट्ट्या. क्लासमध्ये तिनं पट्ट्या खोचल्या होत्या, खटाखट. एकदा खट आणि एकदा खट. टाळ्यांच्या नादात दोन का, हे तिनं विचारलंच नव्हतं.

"म्हणजे सत्यनारायणासारखं," आईनं ताबडतोब ओळखलं. "जोडीनंच बसावं लागतं. विश्राम भाऊजींनी एकटीच पाठवली होय."

मालकानं एक पट्टी पुढे केली. आईनं दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी धरल्या. फडके रोडवरच्या मॅचिंग सेंटरमध्ये साडीशेजारी ब्लाउजपीस धरते तशीच, दारापाशी, उन्हात. "याचा हिरवा वेगळा आहे. आणि हे काळे चौकोन बघ, इकडे आठ, तिकडे चार. दूसरा."

"बहनजी, चल जाएगा."

"चल जाएगा नको. मॅचिंग पाहिजे."

मालकानं सुस्कारा टाकून सगळा ट्रेच काउंटरवर ठेवला. मायलेकींनी तांदूळ निवडावेत तशा पट्ट्या निवडल्या. अगदी तशीच एक सापडली. "आता लगाके दिखाओ," आई म्हणाली. मालकानं मागच्या टेबलावर दोन्ही पट्ट्या लावल्या, वीज जोडली. "टिक," बोर्ड म्हणाला. एकदाच, समजूतदारपणे. पडद्यावर अक्षरं धावायला लागली.

दुपार कलल्यावर बाबा घरी आले तेव्हा चादर निघालेली होती, बोर्ड पिस्ता कपाटात बसलेला होता, आणि दोन्ही पट्ट्या टेबलावर फडक्यात ठेवलेल्या होत्या. बाबांनी आधी खिडकी लावली.

"लॅमिंग्टन रोडला? तिथे आपल्या ओळखीचं कुणी नाही."

"नाही," नीला म्हणाली.

"आणि दोघी तशाच गेलात?"

"तशाच. बाबा, तिथल्या सगळ्या बोर्डांवर बँक लिहिलंय. सगळ्या म्हणजे सगळ्या."

बाबा खुर्चीत बसले. "सगळ्या? म्हणजे केवढं मोठं प्रकरण आहे हे."

"अहो, प्रकरण नाही," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "नीट ऐकून घ्या ती काय सांगते ते."

नीला सांगायला लागली, पण खोची, पट्ट्या, जोडी, हे सगळं बाबांच्या चेहऱ्यावरून घसरून जात होतं. ते नुसते जुडग्यातल्या किल्ल्या चाळवत होते. नीलाची नजर त्या किल्ल्यांवर गेली. ती मध्येच थांबली.

"बाबा, तुमच्या बँकेची तिजोरी तुम्ही एकटे उघडू शकता?"

"भलतंच. जॉइंट कस्टडी असते. एक किल्ली माझी, एक मॅनेजरची. दोन्ही लागल्याशिवाय उघडत नाही."

"आणि तुम्ही तुमची एकटीच लावून फिरवत बसलात तर?"

"कोण फिरवेल? घंटा वाजेल सगळ्या शाखेत."

"टूंऽ," नीला म्हणाली.

बाबांच्या हातातलं जुडगं थांबलं. त्यांनी बोर्डाकडे पाहिलं. मग उठून भिंग आणलं, वाकले, बराच वेळ वाकलेलेच राहिले. उठले तेव्हा त्यांचा चेहरा, वीस वर्षं आपण जे काम करतो त्याची कीर्ती परदेशात पोचल्याचं कळलेल्या माणसासारखा झाला होता.

"म्हणजे याला बँक म्हणतात ते उगीच नाही," ते म्हणाले.

"नाही."

"नियम पाळतात हे लोक. झिरोपासून." त्यांनी खिडकी उघडली. पडदाही सारला. "आण. पण रीतीनं व्हायला पाहिजे. एकानं दोन्ही लावायच्या नाहीत. तू तुझी लाव, मी माझी लावतो."

तसंच झालं. बाबांची पट्टी पहिल्यांदा उलटी लागत होती, नीलानं काही न बोलता त्यांचं मनगट धरून वळवलं. खट. आणि खट. बटण दाबलं. "टिक."

तेवढ्या आवाजावर दोन्ही काका दारात हजर झाले. "म्हटलं नव्हतं, बोर्ड बरोबर आहे?" प्रभाकरकाका म्हणाले. "रॅम माझी होती म्हणून चालला," विश्रामकाका म्हणाले. "आधी लाजत होती." बाबांनी दोघांना बसवून जॉइंट कस्टडीवर असं काही व्याख्यान दिलं की पाण्याची टाकीसुद्धा सेक्रेटरी आणि विश्रामकाकांच्या जॉइंट कस्टडीत द्यावी, असं दोघांनाही क्षणभर पटलं. कुणालाच वाईट वाटलं नाही. लॅमिंग्टन रोडचं नाव कुणी काढलं नाही. नीला बोलणार होती, पण आईनं दाराआडून मान हलवली, आणि पापलेटाचा वास आला.

मंडळी गेल्यावर बाबांनी कॅबिनेटचं पिस्ता दार लावलं. आरशात त्यांनी केस सारखे केले. महिपतराव काही अगदीच चुकले नव्हते. मग त्यांनी मुठीतलं कुलूप फिरवलं, किल्ली काढली आणि जुडग्याकडे बघत जरा उभे राहिले. जुडग्याची कडी घट्ट होती. नखानं ती उचकटायला त्यांना बराच वेळ लागला. दोन सारख्या किल्ल्यांतली एक त्यांनी सोडवली आणि नीलापुढे धरली.

"ही तुझी," ते म्हणाले. "हरवलीस तर चौकशी लागेल."

नीलानं किल्ली घेतली. आधी उजेडाकडे नेली, उलटसुलट करून पाहिली. मग कुलपात घालून फिरवली. दार उघडलं.

"माझ्यावर विश्वास नाही का गं?" बाबा म्हणाले.

"तुमच्यावर आहे, बाबा," नीला म्हणाली. "किल्लीवर नाही."